कालव्याकाठची वाट

ग्वाल्हेरात ज्यांचे बालपण गेले अशा आमच्या वयाच्या मराठी माणसास सायकल म्हटली, की प्रथम आठवते ती वडिलांची चोवीस इंची काळी सायकल. सीटवर बसून पाय पुरत नसत. म्हणून मधल्या दांडीखालून उजवा पाय पलीकडे घालावयाचा, अंग तिरपे करावयाचे आणि अर्धे अर्धे पायडल मारीत जनकगंजाच्या बोळातून निघावयाचे. इकडच्या हिंदीत या प्रकारास ‘कैंची’ म्हणतात. मुंज झाली की मुलगा संध्या शिकतो आणि गुडघा फुटला की सायकल, असे आमचे तीर्थरूप म्हणत. दोहोंपैकी दुसरी विद्याच आम्हांस पुढे अधिक उपयोगी पडली, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

कॉलेजात असताना आम्हां मित्रांची एक ठरलेली सहल असे. श्रावणात पाऊस उघडला, की सायकलीने तिघऱ्याच्या धरणावर जावयाचे. शहरापासून अंतर वीस-बावीस किलोमीटर. सांक नदीवरील हे धरण शिंदे सरकारच्या अमदानीतील. पाण्याची पातळी वाढताच आपोआप उघडणारे जे दरवाजे विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये पुण्याजवळ खडकवासल्यास प्रथम बसविले, तसेच पुढे तिघऱ्यासही बसविण्यात आले. त्यामुळे पुण्याचा कोणी पाहुणा आला, की त्यास हटकून तेथे नेण्याची आम्हांस हौस. १९१७ च्या ऑगस्टमध्ये पुराने हे धरण फुटले होते व मागाहून ते पुन्हा उभारले गेले, हे त्या वयात आमच्या गावीही नव्हते. ठाऊक होते ते एवढेच, की वाटेत मोकळा माळ लागतो, खैर नि धावड्याची खुरटी झाडे लागतात, आणि रस्त्यावर आमच्या सायकलींच्या घंटीखेरीज फारसा आवाज नसतो. त्या बाजूचा बराच मुलूख १९८१ मध्ये घाटीगावचे अभयारण्य म्हणून राखला गेला, तो सोनचिरैया नावाच्या पक्ष्यासाठी. आपल्या मराठीत त्यास माळढोक म्हणतात. माळ राहिला, पण ज्याच्यासाठी राखला तो पक्षी मात्र अलीकडच्या वर्षांत तेथे दिसलेला नाही.

पुढे शिक्षकाची नोकरी लागली, बदल्या सुरू झाल्या, स्कूटर आली. सायकल प्रथम जिन्याखाली गेली व नंतर भंगारवाल्याकडे. पन्नाशी उलटेपर्यंत आम्हांस तिची आठवण झाली नाही. झाली ती अगदी अनपेक्षित ठिकाणी, सातासमुद्रांपलीकडे.

* * *

आमची कन्या नोकरीनिमित्त नेदरलंड्समध्ये, म्हणजे आपण ज्यास हॉलंड म्हणतो त्या देशात, आइंडहोवन या शहरी असते. गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुटीत तिच्या आग्रहावरून आम्ही उभयता तेथे गेलो. पोहोचल्याच्या चौथ्या दिवशी ती म्हणाली, “बाबा, उद्या आपण दोघं सायकलीनं जाऊ. माळ बघू, जंगल बघू, आणि येताना कालव्याकाठानं परत येऊ. पंचेचाळीस किलोमीटर होईल.”

“अगं, माझं वय काय, तू बोलतेस काय!”

“इथं सत्तरीच्या आजीबाई जातात, बाबा.”

“अहो, परमुलखात पडून हात मोडून घेऊ नका,” असे म्हणत का होईना, पण सौभाग्यवतींनी तिखटामिठाच्या पुऱ्या बांधून दिल्या आणि आम्ही निघालो. पहिल्याच वळणावर फजिती झाली. आपल्याकडे सायकल उताराला लागली, की सहज म्हणून आपण पायडल उलटे फिरवितो. तेथील पुष्कळ सायकलींना हातात ब्रेक नसतो. पायडल उलटे दाबले की तोच ब्रेक. आम्ही सवयीने पाय उलटे फिरविले आणि सायकल जागच्या जागी खिळली. मागून येणाऱ्या एका शाळकरी मुलाने शांतपणे आम्हांस वळसा घातला व जाताना हात वर करून नमस्कारासारखे काही केले. चाळीस वर्षांच्या विद्येचा गर्व तेथेच उतरला.

त्या देशात सुमारे एक कोटी ऐंशी लाख माणसे व सव्वादोन कोटींहून अधिक सायकली आहेत. केवळ सायकलींसाठी बांधलेल्या वाटा पस्तीस हजार किलोमीटरांच्या आसपास. या वाटांवर तांबूस डांबर असते, त्यामुळे दुरूनही ओळखू येते की ही जागा मोटारींची नव्हे. नकाशा बाळगण्याचेही कारण नाही. वाटा जेथे एकमेकींस मिळतात तेथे लहानशा पाटीवर एक आकडा लिहिलेला असतो. घरून निघताना आकड्यांची यादी चिठ्ठीवर उतरून घ्यावयाची आणि एका आकड्याकडून दुसऱ्याकडे जात राहावयाचे. ही युक्ती शेजारच्या बेल्जियममधील एका खाण-अभियंत्याची. जमिनीखालच्या बोगद्यांतून फिरताना खाणीत जे आकडे वापरीत, ते त्याने जमिनीवर आणले.

खेल्ड्रॉप गाव मागे पडल्यावर स्ट्राब्रेख्टचा माळ लागला. सुमारे दीड हजार हेक्टरांचा हा प्रदेश गुडघ्याएवढ्या काटक झुडुपांनी झाकलेला आहे. ऑगस्टात ही झुडुपे फुलली, की सारा माळ जांभळा होतो म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा तो तपकिरी होता. कडेकडेने मात्र कसलीशी पिवळी फुले आली होती. दूर मेंढ्यांचा कळप चरत होता. घाटीगावच्या बाजूची आठवण येऊन आम्ही म्हणालो, “हे बरे राहिले आहे, जसेच्या तसे.” कन्या हसली. तिने जे सांगितले व पुढे आम्ही वाचून पडताळले ते असे: हा माळ निसर्गाचा नव्हेच. शेकडो वर्षे तेथील शेतकऱ्यांनी या वाळूच्या जमिनीवर मेंढ्या चारल्या, वरची माती मुळांसकट खरवडून लेंडीखतात कालविली व शेतात नेऊन टाकली. जमीन निकस होत गेली आणि या झुडुपांखेरीज तीत काही उगवेना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रासायनिक खत आले, मेंढीचे खत लागेनासे झाले, आणि बराचसा माळ नांगराखाली किंवा पाइनच्या लागवडीखाली गेला. पाइनचे ते सरळ खांब लिंबुर्ग प्रांतातील कोळशाच्या खाणींत छताला टेकू म्हणून जात. त्या खाणीही १९७४ पर्यंत बंद झाल्या. आता उरलेला माळ टिकावा म्हणून मुद्दाम मेंढ्या राखतात. न राखल्या तर काही वर्षांत तेथे रान माजेल.

माळानंतर आम्ही त्या पाइनच्या रांगांतून गेलो, आणि दुपारी झाउड-विलेम्सफार्ट नावाच्या कालव्यावर येऊन पुऱ्या सोडल्या. राजा पहिला विल्यम याच्या कारकिर्दीत, १८२२ ते १८२६ या चार वर्षांत, हा कालवा खणला गेला. रेल्वे येण्यापूर्वी त्या देशाची वाहतूक अशाच पाण्यातून चाले. काठाने घोडा दोर ओढीत जाई आणि पाण्यातून नाव सरके. घोड्यासाठी राखलेली ती काठची वाट पुढे एंजिनाच्या बोटी आल्यावर रिकामी झाली, आणि अशा कितीतरी वाटांवर आज सायकली धावतात. सपाट, सरळ, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडी. घाट नाही, चढ नाही. समोरून वारा सुटला म्हणजे तोच काय तो चढ.

* * *

परतीच्या वाटेवर एका खेड्यात जे पाहिले ते शाळामास्तराच्या डोळ्यांस माळाहून व कालव्याहूनही मोलाचे वाटले. अकरा-बारा वर्षांची मुलेमुली अंगावर क्रमांकाचे जाकीट घालून एकेकटी सायकलीवरून गावातून जात होती. कोपऱ्याकोपऱ्यावर हातात कागद घेऊन कोणी आई, कोणी आजोबा उभे. मूल वळताना मागे पाहते का, हात दाखविते का, उजवीकडून येणाऱ्यास आधी जाऊ देते का, याची नोंद चालली होती. ती परीक्षा होती. प्राथमिक शाळा संपत आली, की तेथील मुले रहदारीची परीक्षा देतात, एक लेखी आणि एक अशी रस्त्यावरची. कारण पुढच्या वर्षापासून त्यांना माध्यमिक शाळेत, पुष्कळदा दुसऱ्या गावी, एकट्याने सायकलीने जावयाचे असते.

आम्ही म्हणालो, “सुधारलेला देश. पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त.”

येथेही आमची समजूत माळाइतकीच चुकीची निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशातही मोटारींचेच राज्य झाले होते. जुन्या सायकलवाटा उखडल्या गेल्या, मोटारींसाठी रस्ते रुंदावले. १९७१ या एका वर्षात तेथे रस्त्यावर सुमारे तेहतीसशे माणसे मेली व त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्या वर्षी शाळेस निघालेली एक सहा वर्षांची मुलगी मोटारीखाली सापडली. तिचे वडील, विक लांगेनहॉफ, वृत्तपत्रात लिहिणारे. त्यांनी १९७२ मध्ये एक जळजळीत लेख लिहिला. ‘बालहत्या थांबवा’ असा त्याचा मथळा. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आयाबापे मुलांसह रस्त्यांत येऊन बसली. १९७३ च्या अखेरीस तेलाची टंचाई झाली, काही रविवारी मोटारींस बंदी आली, आणि रिकाम्या रस्त्यांवर मुले खेळताना पाहून पुष्कळांना उमगले, की हे असेही असू शकते. मग हेग व टिल्बर्ग या शहरांत सरकारने नमुन्यादाखल सायकलवाटा बांधून पाहिल्या. चुका झाल्या, त्या सुधारल्या, आणि दहा-वीस वर्षांत देशाचा चेहरा बदलला. आज त्याच देशात रस्त्यावरील वार्षिक मृत्यू सातशेच्या आसपास आहेत. तेवढेही तेथील लोकांस फार वाटतात.

म्हणजे ती तांबूस वाट कोणी आजोबांनी ठेवा म्हणून दिलेली नव्हती. ज्यांची मुले गेली, त्यांनी ती मागून, भांडून, बांधवून घेतली होती. हे कळल्यावर मात्र आमच्या मनात एक काटा रुतून बसला. तो कोठला, ते पुढे सांगतो.

* * *

आमची शाळा ग्वाल्हेर जिल्ह्यातच, डबऱ्यापलीकडे, हरसी धरणाच्या कालव्यावरील एका खेड्यात आहे. पार्वती नदीवरचे हरसी धरण मातीचे; तेही संस्थानी काळातील. त्याच्या कालव्यांमुळे डबरा-भितरवारचा हा पट्टा भाताचे कोठार झाला. धरणातून निघालेला मोठा कालवा, त्याच्या शाखा, उपशाखा, असे पाण्याचे जाळे शेतांतून पसरले आहे आणि प्रत्येक कालव्याच्या भरावावरून एक कच्ची वाट जाते. इकडे तिला ‘पटरी’ म्हणतात. खणताना ती कालव्याच्या देखरेखीसाठी ठेवलेली. पण गावकऱ्यांची ती पूर्वापारची पायवाट. दुतर्फा बाभळी, शिसवी, क्वचित जांभूळ; खाली पाणी, पलीकडे भात. हॉलंडातल्या त्या कालव्यावर पुरी हातात धरून बसलो असता आम्हांस पुन:पुन्हा आठवत होती ती हीच पटरी.

मध्यप्रदेशात दुसऱ्या गावी जाऊन सरकारी शाळेत शिकणाऱ्या सहावीच्या व नववीच्या मुलामुलींस शासनाकडून सायकल मिळते. योजना उत्तम आहे. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींस सायकली देण्यास आरंभ केला. पुढे अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे सुमारे एकतृतीयांशाने वाढल्याचे आढळले. आमच्याही शाळेत दरसाल सायकली वाटतो. मांडव घालतो, पाहुणे बोलावितो, हार घालतो, सायकलींच्या रांगेपुढे मुलींस उभे करून फोटो काढतो. तो फोटो आमच्या कार्यालयात टांगलेला आहे.

जूनमध्ये परत आल्यावर शाळा भरू लागली. दहावीतील एक हुशार मुलगी येईना. एक आठवडा, दोन आठवडे. जुलैच्या एका दुपारी आम्ही तिच्या गावी गेलो. घरासमोरच्या गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांआड, आम्हीच दिलेली सायकल उभी होती. सीटवरचे प्लॅस्टिकसुद्धा काढलेले नव्हते. वर्षभर ती चुलतबहिणीसोबत टमटममधून शाळेस येत असे. बहिणीचे वैशाखात लग्न झाले, सोबत सुटली, एकटीचे भाडे परवडेना.

आम्ही तिच्या वडिलांस म्हणालो, “अहो, सायकल आहे ना घरात?”

त्या माणसाने आम्हांस खाटेवर बसविले, पाणी दिले, आणि मग आपल्या बोलीत म्हणाला, “माट्साब, सायकल सरकारनं दिली, उपकार झाले. पण ती चालवायची कुठं, ते तुम्हीच सांगा.”

यास आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या गावाहून शाळेस दोन वाटा. पटरीने चार किलोमीटर. पण २०२१ च्या ऑगस्टात सिंध-पार्वतीला जो महापूर आला, त्या दिवसांत एका ओढ्यावरील मोरी वाहून गेली. तेथे भरावास पुरुषभर खोल खिंडार पडले ते तसेच होते. मुलगे सायकल खांद्यावर घेऊन उतरत, चढत. दुसरी वाट डांबरी सडकेची, सात किलोमीटर. तीवरून दिवसभर रेतीचे डंपर धावतात. ज्या सडकेवर आम्ही स्वत: स्कूटर जीव मुठीत धरून नेतो, तीवर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने एकटीने सायकल चालवावी, असे कोणत्या तोंडाने सांगावे?

हाच तो काटा. इतक्या वर्षांच्या नोकरीत शेकडो सायकली आमच्या हस्ते वाटल्या गेल्या. कोणत्या मुलाचे गाव किती किलोमीटर, याची नोंद आम्ही केली, कारण ती रकान्यात भरावी लागते. वाट कोणती, ती कशी आहे, हे एकदाही विचारले नाही, कारण त्यास रकाना नव्हता. परक्या देशातील मुलांची परीक्षा पाहून आम्ही गहिवरलो आणि स्वत:च्या शाळेची वाट आम्ही एकदाही सायकलीने चाललो नव्हतो.

* * *

दुसऱ्या दिवशी शिपायाची सायकल घेऊन आम्ही पटरीने त्या खिंडारापर्यंत गेलो. येताना हिशेब केला. पटरीवरच्या तीन खेड्यांतून एकोणीस मुले शाळेत होती. पैकी मुली अकरा. सायकलीने येत होते ते पाच, सगळे मुलगे.

अर्ज लिहिला. एका कार्यालयाने तो दुसऱ्याकडे धाडला, दुसऱ्याने ‘पटरी ही रहदारीचा रस्ता नाही’ असे कळविले. शब्दश: ते खरे होते. तिसऱ्या अर्जास उत्तर आले नाही. भाद्रपद उलटला. सहामाही परीक्षा जवळ आली. मुलगी घरीच. तिच्यासाठी आम्ही तिच्या वर्गातील मुलाकरवी वह्या पाठवीत असू. त्या तपासून घेऊन परतही येत. एका वहीच्या शेवटच्या पानावर तिने लिहिले होते: “सर, नाव काढू नका.”

वाट शेवटी झाली ती फरशीने. ग्वाल्हेरचा मुलूख दगडाचा. इकडे जुन्या घरांची छपरे लाकडाची नसून लांबलचक दगडी फरश्यांची असतात, हे वाचकांपैकी ग्वाल्हेरकरांस सांगावयास नको. पालकांच्या सभेत आम्ही प्रथमच अभ्यासाविषयी न बोलता वाटेविषयी बोललो. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग मागे बसलेले एक वृद्ध शेतकरी उठले. त्यांच्या जुन्या घराचे छप्पर त्या पावसाळ्यात उतरविले होते. फरश्या अंगणात पडून होत्या. “घेऊन जा,” ते म्हणाले, “माझी नात पुढच्या वर्षी सहावीत यायची आहे.” दोघांनी ट्रॅक्टर दिले. दिवाळीच्या सुटीत ओढ्याच्या दोन्ही काठांस दगडगोटे रचून, खालून पाण्यास वाट ठेवून, वर आठ फरश्या टाकण्यात आल्या. दोन दिवसांचे काम. त्या मुलीचे वडील दोन्ही दिवस पहारीवर होते. कागदावर परवानगी आम्हांस मिळाली नाही. पण कोणी आडवेही आले नाही.

तरीही वाट झाली म्हणून मुली लगेच येतील, असे नव्हते. घराघरांतील धास्ती फरशीने बुजत नाही. म्हणून एका रविवारी सर्व मुलांस व येतील त्या पालकांस घेऊन आम्ही पटरीने पवायास जाण्याचे ठरविले.

पवाया आमच्या शाळेपासून सुमारे पंधरा किलोमीटर. सिंध व पार्वती यांच्या संगमावरील हे लहानसे गाव म्हणजे प्राचीन पद्मावती नगरी. कनिंगहॅमसाहेबांनी पद्मावती म्हणजे नरवर असे मानले होते; ती पवायास होती, हे दाखवून दिले ते ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. बा. गर्दे या आपल्या मराठी संशोधकाने. तेथे सापडलेली मणिभद्र यक्षाची मूर्ती आज ग्वाल्हेरच्या गुजरी महालातील संग्रहालयात आहे. भवभूतीचे ‘मालतीमाधव’ घडते ते याच नगरीत. त्यातील नायक माधव हा विदर्भाच्या अमात्याचा मुलगा. बापाने त्यास पद्मावतीस धाडले ते शिक्षणासाठी. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या नाटकात विदर्भातून ग्वाल्हेरच्या बाजूस शिकावयास आलेला हा विद्यार्थी, त्या अर्थी आम्हां इकडच्या मराठी मंडळींचा पूर्वजच म्हणावयाचा! भवभूतीने नवव्या अंकात येथल्या नद्यांचे वर्णन केले आहे. त्या नद्या आजही तशाच एकमेकींस मिळतात.

ही कथा आम्ही संगमावर बसून मुलांस सांगितली. मुलांस नाटकात फारसा रस वाटला नाही. एकाने विचारले, “सर, तो विदर्भातून आला कसा? वाट होती?” आम्ही म्हणालो, “असलीच पाहिजे. नसती तर बापाने धाडले नसते.” पालकांपैकी कोणी हसले, आमची विद्यार्थिनी मात्र हसली नाही. ती त्या दिवशी प्रथमच आपली सायकल घेऊन आली होती. सीटवरचे प्लॅस्टिक काढलेले होते. जाताना ती सर्वांत मागे होती, पाय लटपटत होते, फरशीवर तर ती उतरूनच चालली. येताना मात्र फरशी आली तरी उतरली नाही.

* * *

हे घडल्यास आता काही महिने झाले. पटरीवरून आज सात मुली सायकलीने शाळेस येतात. अकराच्या अकरा नाहीत. दोघींच्या घरी अजून ‘पाहू’ असे उत्तर मिळते, दोघी लांबच्या गावाच्या आहेत. मुली एकेकट्या येत नाहीत. पहिल्या गावची मुलगी निघते, पुढच्या गावची तिला मिळते, अशी रांग होते. आमच्या शाळेत आता वर्षातून एकदा रहदारीची परीक्षा होते. जाकिटे नाहीत म्हणून पाठीवर खडूने लिहिलेली पाटी बांधतो. कोपऱ्यावर आया उभ्या राहतात. त्यांतील पुष्कळींना लिहिता येत नाही. त्या मूल चुकले की खडा टाकतात आणि शेवटी आम्ही खडे मोजतो.

ही वाट हॉलंडातील वाटेसारखी झाली, असे मुळीच नाही. मावठ्याच्या पावसात एक फरशी सरकली, ती दोनदा बसवावी लागली. मोठा पूर आला तर सारेच जाईल. डंपर आपल्या सडकेवर तसेच धावत आहेत, आणि ज्या गावांस पटरी नाही त्या गावच्या मुलांच्या सायकली अजून गोठ्यातच असतील. त्यासाठी अर्ज चालू आहेत व चालू राहतील. फरक एवढाच, की आता अर्जावर आमच्या एकट्याची सही नसते. पालकांचे अंगठेही असतात.

हे मासिक इंदूर, बडोदे, जबलपूर, हैदराबाद, तंजावर अशा दूरदूरच्या मराठी घरांत जाते. आमची वाचकांस एक विनंती आहे. आपल्या घरातील किंवा शेजारचे मूल ज्या वाटेने शाळेस जाते, ती वाट एकदा, एकदाच, त्याच्यासोबत सायकलीने किंवा पायी चालून पाहावी. मोटारीच्या काचेतून ती दिसत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. कोठे खिंडार आहे, कोठे वळणावर झाडी वाढली आहे, कोठे मूल श्वास रोखून धावते, हे कळण्यास दुसरा उपाय नाही.

परवा कन्येचा फोन आला. तिकडे आता माळावर ऊन पडू लागले असल्याचे ती सांगत होती. “बाबा, पुन्हा कधी येता? ऑगस्टात या या खेपेला, जांभळी फुलं बघायला.”

“ऑगस्टात कसं जमेल?” आम्ही म्हणालो. “ऑगस्टात फरशीकडे बघावं लागेल.”